मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर: बदललेल्या नजरेशी जुळवून घेताना

पट्टी निघाली की घरातल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, “आता स्वच्छ दिसतंय ना?” पेशंट मात्र बऱ्याचदा नुसतं “हो” म्हणून गप्प बसतो. दिसत असतं, पण धुरकट दिसत असतं. पांढरी भिंत निळसर वाटते, ऑपरेशन झालेला डोळा आणि न झालेला डोळा यांचं एकमेकांशी जमत नाही, पेपर हातात घेतला तर अक्षर लागत नाही. ऑपरेशन बिघडलं की काय, या विचाराने माणूस रात्रभर जागा राहतो आणि कुणाला सांगतही नाही. यातल्या बहुतेक गोष्टी अपेक्षित असतात. पण डिस्चार्जच्या घाईत थेंबांचं वेळापत्रक तेवढं समजावून दिलं जातं आणि बाकीचं राहून जातं.

नजरेतले काही बदल नुसते दिवस गेले की निवळतात. काहींना थोडी युक्ती लागते. मोजक्या काही लक्षणांत मात्र सकाळपर्यंतसुद्धा थांबायचं नसतं. हा फरक पेशंटला आणि त्याच्यासोबत राहणाऱ्याला ओळखता आला पाहिजे. म्हणून आधी न थांबण्याच्या गोष्टी.

लगेच डॉक्टरांकडे जायचं, ते कधी

पहिल्या आठवड्यात डोळा दुखायला लागला आणि दुखणं वाढतच गेलं, लाली वाढली, पापण्या सुजल्या, पू आला, किंवा काल बरं दिसत होतं आणि आज कमी दिसतंय असं झालं, तर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. हे क्वचित होतं, पण झालं तर उपचार किती तासांत सुरू होतात यावर नजर अवलंबून असते. ऑपरेशननंतर थोडं खुपणं, पाणी येणं, किंचित लाली राहणं वेगळं. ते रोज थोडं थोडं कमी होतं. वाढत जाणारं काहीही दाखवलंच पाहिजे.

पहिल्या एक-दोन दिवसांत डोळा आणि त्याच बाजूचं डोकं जोरात ठणकतंय, मळमळतंय, उलटी होतेय, समोर धुकं आलंय, असं झालं तर डोळ्याचा दाब वाढलेला असू शकतो. आपल्याकडे अशा वेळी “पित्त झालं असेल” म्हणून गोळी देऊन झोपवतात. तसं करू नका. फोन करा.

तिसरी गोष्ट रेटिनाची, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याची. अचानक काळ्या ठिपक्यांचा सडा पडल्यासारखं दिसणं, कडेला वीज चमकल्यासारखा प्रकाश, किंवा एका बाजूने सावली सरकत पुढे येणं ही पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची लक्षणं आहेत. ती ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, अगदी वर्षांनीही दिसू शकतात, आणि ज्यांचा उणे नंबर मोठा होता त्यांनी याबाबत जास्त सावध राहायला हवं. दवाखान्याचा रात्री लागणारा फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहून फ्रिजवर लावून ठेवा.

पहिले तीन-चार दिवस

पहिल्या दिवशी धूसर दिसण्याची दोन-तीन कारणं एकत्र आलेली असतात. बाहुली औषधाने मोठी केलेली असते, त्यामुळे उजेड सहन होत नाही. डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर तिचा असर जाईपर्यंत पापणी जड राहते आणि कधीकधी एकाचे दोन दिसतात. मुख्य कारण असतं कॉर्नियाची सूज. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचं पारदर्शक आवरण. त्याच्या आतल्या बाजूच्या पेशी आवरणातलं पाणी सतत बाहेर काढत असतात, म्हणून ते पारदर्शक राहतं. ऑपरेशनमध्ये या पेशी दमतात, आवरणात पाणी साठतं आणि समोर धुकं येतं. मोतीबिंदू फार पिकून कडक झाला असेल तर तो फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि सूजही जास्त दिवस राहते. शेजारच्या काकूंना दुसऱ्या दिवशी लख्ख दिसलं आणि आपल्याला आठवडा लागला, याचं कारण अनेकदा एवढंच असतं. सकाळी उठल्यावर धूसर आणि दुपारपर्यंत बरं, असा फरकही याच सुजेमुळे पडतो.

डोळ्यात वाळूचा कण गेल्यासारखं खुपतं तेव्हा “आतली लेन्स टोचतेय” असं वाटतं. लेन्स टोचत नाही, ती जाणवण्यासारख्या जागी नसतेच. खुपतो तो पृष्ठभागावरचा छेद आणि त्यामुळे आलेला कोरडेपणा. मुळात डोळ्यात बाहेरची वस्तू शांतपणे राहू शकते हे लक्षात आलं दुसऱ्या महायुद्धात. लढाऊ विमानांच्या फुटलेल्या छताचे प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत जाऊनही डोळा बिथरत नाही, हे ब्रिटिश सर्जन हॅरॉल्ड रिडली यांनी हेरलं आणि १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूच्या पेशंटला पहिली कृत्रिम लेन्स बसवली. त्याआधी ऑपरेशन झालेल्या माणसाला आयुष्यभर जाड भिंगाचा चष्मा लावावा लागायचा. आजही काही घरांत आजोबांच्या जुन्या फोटोत तो दिसतो.

सुधारणा मोजण्यासाठी रोज एक साधी तपासणी करा. भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच उजेडात उभं राहा. एक डोळा तळहाताने दाब न देता झाका. तारखेचा मोठा आकडा दिसतो का, त्याखालची तिथी लागते का, ते पाहा. मग दुसरा डोळा. वहीत एक ओळ लिहा. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना “कसंतरीच दिसतं” सांगण्यापेक्षा “सोमवारी तिथी लागत होती, आज लागत नाही” हे सांगणं कितीतरी उपयोगी पडतं. पण ही तपासणी दिवसातून एकदाच करा. तासातासाला डोळा झाकून पाहणाऱ्याच्या हाती नुसती काळजी लागते.

थेंब घालण्याची पद्धत

नजर किती लवकर निवळते ते बरंचसं थेंबांवर अवलंबून असतं, म्हणून इथे घाई नको.

१. साबणाने हात धुवा. दुधाळ औषध असेल तर बाटली नीट हलवा, नाहीतर औषध तळाशी राहतं आणि डोळ्यात नुसतं पाणी जातं.

२. पेशंटला आडवं झोपवा किंवा खुर्चीत मान मागे टेकवा. नजर छताकडे. खालची पापणी गालाच्या बाजूने अलगद ओढा, वरच्या पापणीवर किंवा डोळ्यावर दाब नको.

३. एक थेंब पुरतो. बाटलीचं टोक पापणीला, पापणीच्या केसांना, बोटाला लागू देऊ नका.

४. डोळा अलगद मिटा आणि नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं हलकेच दाबून धरा. औषध घशात उतरून कडू लागत असेल तर ते या पायरीने थांबतं.

५. दुसरं औषध पाच मिनिटांनी. लागोपाठ घातलं तर पहिलं वाहून जातं.

स्टेरॉइडचे थेंब बहुधा आठवड्याआठवड्याने कमी करत आणतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडले तर आतली सूज परत येते. याच्या उलट चूक जास्त घातक आहे: या थेंबांनी डोळ्याला आराम पडतो, म्हणून मुदत संपल्यावरही मेडिकलमधून तीच बाटली परत परत आणून महिनोन्‌महिने घालत राहणं. त्याने डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. चिठ्ठीवरची तारीख संपली की थेंब संपले. नुसता कोरडेपणा राहिला असेल तर डॉक्टर साधे अश्रूंसारखे थेंब देतात.

गुलाबपाणी, मध, तूप, काजळ, सुरमा यांतलं काहीही या काळात डोळ्याजवळ नको. रात्री झोपेत हात जातो, म्हणून डोळ्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण डॉक्टर सांगतील तितक्या रात्री लावाच. दुपारच्या वामकुक्षीलाही.

रंग बदलतात

डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयानुसार पिवळट, मग तपकिरी होत जातं. ते इतकं हळू होतं की आपल्याला कळत नाही. पिवळ्या काचेतून निळा रंग नीट पार होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं निळं आणि जांभळं मळकट दिसत असतं. भिंग काढून स्वच्छ लेन्स बसली की निळा प्रकाश एकदम आत येतो. भात निळसर पांढरा दिसतो, ट्यूबलाइट बोचते, फरशीवरचे डाग आणि आरशातल्या सुरकुत्या ठळक दिसतात. ज्यांचा एकच डोळा झालाय त्यांनी पांढऱ्या धोतराकडे किंवा चादरीकडे एकेक डोळा झाकून पाहावं. एका डोळ्याला पांढरं, दुसऱ्याला चहा सांडल्यासारखं. पांढरं दिसतं ते खरं.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, तेव्हा कृत्रिम लेन्स नव्हती. नंतर सगळं निळं दिसतं अशी त्यांची तक्रार होती आणि त्यांनी रंगीत काचांचे चष्मे वापरून पाहिले. आजच्या लेन्स अतिनील किरण अडवतात, त्यामुळे एवढा त्रास होत नाही. काही आठवडे ते काही महिन्यांत मेंदू नवीन पांढरं स्वीकारतो आणि निळसरपणा जाणवेनासा होतो. तोवर उन्हात काळा चष्मा, टोपी किंवा डोक्यावर पदर. घरात मात्र दिवसभर काळा चष्मा लावून बसू नका, त्याने उजेडाची सवय व्हायला उशीर होतो.

एक डोळा नवा, एक जुना

सगळ्यात जास्त हाल होतात ते दोन ऑपरेशनांच्या मधल्या दिवसांत, आणि याबद्दल सगळ्यात कमी सांगितलं जातं. समजा दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे ६ होता. उजवा झाला, त्याचा नंबर शून्याजवळ आला. आता जुना चष्मा लावला तर उजवा डोळा धूसर, काढला तर डावा. चष्मा लावून दोन्ही डोळ्यांना स्पष्ट दिसेल अशी सोय केली तरी उणे ६ च्या काचेतून वस्तू लहान दिसते आणि उजव्याला खऱ्या आकाराची. दोन वेगवेगळ्या आकारांची चित्रं मेंदूला जोडता येत नाहीत. चक्कर येते, पायरी दोनदा दिसते, डोकं दुखतं.

यावर चार वाटा आहेत. दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न असेल तर चष्मा काढून ठेवा आणि झालेल्या डोळ्यावर काम चालवा. मेंदू हळूहळू धूसर डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. दुसरी वाट, चष्म्याच्या दुकानात जुन्या फ्रेममधली झालेल्या डोळ्याच्या बाजूची काच काढून साधी काच बसवून घ्या. खर्च किरकोळ असतो, पण दोन डोळ्यांतला फरक साधारण ३ नंबरांपर्यंत असेल तरच हे सहन होतं. तिसरी, न झालेल्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स. तिने आकारातला फरक बराच कमी होतो. ज्यांनी आधी कधी ती वापरली आहे त्यांना सोपं जातं, थरथरत्या हातांना नाही. चौथी वाट म्हणजे दुसरं ऑपरेशन लवकर घेणं. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू कमी असला तरी दोन डोळ्यांतला मोठा फरक हे स्वतःच ऑपरेशनचं रास्त कारण ठरू शकतं. हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. “जिना उतरता येत नाही” असं नेमकं सांगितलं की ते लक्षात घेतात.

या काळात खोलीचा अंदाज चुकतो. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून ओता. जिन्याला कठडा धरूनच उतरा, शेवटच्या पायरीच्या कडेला रंगीत चिकटपट्टी लावा. रात्री संडासाच्या वाटेवर छोटा दिवा ठेवा आणि उंबऱ्यापाशी पडलेलं पायपुसणं उचला. डोळ्याच्या ऑपरेशननंतर पडून खुबा मोडला तर डोळा बरा होण्याचा आनंद राहत नाही.

जवळचं का दिसत नाही

साधी मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. बहुतेकांना ती लांबचं दिसावं अशी बसवतात. मग टीव्ही, बसची पाटी स्वच्छ, पण मोबाइल आणि पोथी धूसर. ज्यांना आधीही चाळीशी होती त्यांना यात नवीन काही वाटत नाही. धक्का बसतो तो आयुष्यभर उणे नंबर असलेल्यांना. उणे ३ नंबरवाला माणूस चष्मा काढून ३३ सेंटिमीटरवरचं बारीक अक्षर आरामात वाचत असतो. तांदूळ निवडणं, सुईत दोरा ओवणं, औषधाच्या पट्टीवरची तारीख, सगळं चष्म्याशिवाय. ऑपरेशननंतर ही सोय एका दिवसात जाते. “आधी वाचता यायचं, आता तेही गेलं” हे वाक्य डोळ्यांच्या दवाखान्यात सारखं ऐकू येतं आणि ते खरंच असतं.

तूर्त उपाय सोपा आहे. नंबर पक्का होईपर्यंत दुकानातली तयार चाळीशी, अधिक २ किंवा अडीचची, लावून वाचा. त्याने डोळा बिघडत नाही. वाचल्याने, टीव्ही पाहिल्यानेही बिघडत नाही. दमला की विश्रांती द्या. उजेड खांद्यामागून अक्षरावर पडू द्या, मोबाइलची अक्षरं मोठी करा, प्रकाश कमी करा.

दुसरा डोळा व्हायचा असेल तर मात्र हीच वेळ आहे बोलायची. तुमचा दिवस कशात जातो ते डॉक्टरांना सांगा: शिवणकाम, हार्मोनियम, ट्रॅक्टर, हिशेबाची वही. दुसरा डोळा थोडा जवळचा ठेवता येतो. एक लांबचं पाहतो, एक जवळचं, आणि बऱ्याच जणांचा मेंदू ते जुळवून घेतो. मल्टिफोकल लेन्सने दोन्ही अंतरांवर दिसतं, पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, अंधुक उजेडात स्पष्टपणा थोडा कमी राहतो, आणि मेंदूला सवय व्हायला कधीकधी सहा महिने लागतात. चष्मा कायमचा जाईल अशी हमी देणाऱ्याला रात्रीच्या गाडी चालवण्याबद्दल जरूर विचारा.

कडेची सावली, दिव्यांच्या रेघा

काहींना कानाच्या बाजूला चंद्रकोरीसारखी काळी सावली दिसते, काहींना दिव्यावरून आडव्या रेघा किंवा कडेला चमक. लेन्सच्या कडेवर प्रकाश पडल्याने हे होतं. बहुतेकांत काही आठवड्यांत ते कमी होतं किंवा लक्षात येईनासं होतं. जाड कडेच्या फ्रेमने कानाकडची सावली कमी जाणवते. ही सावली एका जागी, तेवढ्याच आकाराची राहते. रेटिनाची सावली सरकत, वाढत जाते. शंका आली तर स्वतः निदान करू नका, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या.

कामाला कधी लागायचं

फेकोच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याच्या, ऑपरेशनमधला छेद ३ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. शिबिरांत आणि सरकारी रुग्णालयांत अनेकदा होणाऱ्या हाताने केलेल्या बिनटाक्याच्या ऑपरेशनमध्ये तो ६-७ मिलिमीटरचा असतो. दोन्हींचा निकाल चांगला लागतो, पण मोठा छेद स्थिरावायला जास्त दिवस घेतो. म्हणून पथ्य शेजाऱ्याच्या ऑपरेशनवरून ठरवू नका.

डोक्यावरून अंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच. तोवर अंग धुवा, चेहरा ओल्या फडक्याने पुसा. केस धुवायचेच असतील तर मान मागे टाकून दुसऱ्याकडून धुऊन घ्या. पहिला आठवडाभर फोडणी, मिरची कुटणं, चुलीचा धूर, केरसुणीची धूळ यांपासून दूर राहा. पाण्याची कळशी आणि गॅसचा सिलिंडर उचलू नका. वाकून साष्टांग नमस्कार नको, उभ्याने हात जोडा. नदी, विहीर, तलावात किमान महिनाभर डुबकी नाही. शेतातल्यांनी मळणी, कडबा, उसाचा पाला यांपासून विशेष जपावं. पात्याचा ओरखडा डोळ्याला लागला तर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि तो बरा होणं कठीण असतं. गाडी, अगदी स्कूटरसुद्धा, डॉक्टरांनी नजर तपासून हो म्हटल्यावरच, आणि सुरुवातीला दिवसा.

चष्मा आणि त्यानंतर

नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांत स्थिर होतो, मोठ्या छेदाच्या ऑपरेशननंतर थोडा आणखी वेळ लागतो. त्याआधी केलेला महागडा चष्मा वाया जाण्याची शक्यता मोठी. पहिल्यांदाच दोन भागांची काच वापरणाऱ्यांनी जिना उतरताना मान खाली घालून वरच्या भागातून पायरी पाहावी. खालचा भाग जवळच्या वाचनासाठी असतो, त्यातून पायरी धूसर आणि जवळ वाटते.

चार-सहा आठवड्यांच्या सुमारास मधलं दिसणं पुन्हा अंधूक झालं, किंवा खिडकीचे गज, फरशीच्या रेघा वाकड्या दिसू लागल्या, तर पडद्याच्या मध्यभागी सूज आलेली असू शकते. मधुमेहींमध्ये ती जास्त आढळते. वेळेत कळली तर बहुधा थेंबांनी उतरते.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुकं आलं की “मोतीबिंदू परत आला” म्हणतात. मोतीबिंदू परत येत नाही. लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवलेली असते तिची मागची बाजू गढुळते. याग लेसरने त्या बाजूला मधोमध खिडकी करतात. काही मिनिटांचं, न दुखणारं काम असतं आणि पट्टीही लागत नाही. आधी डोळ्याची पूर्ण तपासणी मात्र हवी, कारण धुक्याचं कारण दुसरंही असू शकतं. त्या दिवशी फाइल सोबत न्या. डिस्चार्जच्या कागदावर लावलेलं किंवा वेगळ्या कार्डावर दिलेलं लेन्सचं स्टिकर त्यात आहे ना, ते आजच पाहून ठेवा. लेन्सचा प्रकार आणि पॉवर त्यावर असते. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी, किंवा पुढे कधी डॉक्टर बदलले तर, सगळ्यात आधी तेच मागितलं जाईल.